समुद्रातल्या सहा जागा

नागोजीकाका वारला तेव्हा त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, दावणीला शेळी नव्हती, की अंगात धड कोट नव्हता. होत्या त्या समुद्रातल्या सहा जागा. त्यासुद्धा असल्या समुद्रात, की तिथं पोचायचं तर करंजाळहून आधी बस, मग आगगाडी आणि मग दोन दिवस आगबोट. करंजाळ म्हणजे कणकुंबीच्या अलीकडचं, जंगलाला पाठ लावून बसलेलं तीस-चाळीस उंबऱ्यांचं गाव. तिथल्या माणसांनी मासा बघितला तो एकतर ओढ्यातला, नाहीतर जांबोटीच्या बाजारातला वाळका बांगडा. समुद्र बघितलेला माणूस गावात एकच होता, आणि तो माघ महिन्यात गेला. साल चौऱ्याहत्तर.

नागोजीकाका हा आण्णाप्पा आणि भावकू या दोघा भावांचा चुलता. एकोणिसाव्या वर्षी म्हशीवरून बापाशी भांडला आणि घाट उतरून गोव्यात गेला. तिथनं कुठल्याशा बोटीवर भांडी घासायला लागला. ती बोट त्याला घेऊन अरबी समुद्रातल्या लांबच्या बेटांवर गेली आणि परत येताना त्याला तिथंच विसरून आली. बेटावर एक दिव्याचा उंच मनोरा होता. त्या दिव्याच्या काचा पुसायला माणूस हवा होता. काकानं एकतीस वर्षं काचा पुसल्या. वर बसून दिवसभर करायचं काय? तो पाणी बघायचा. पाण्याचा रंग कुठं बदलतो, पाखरं कुठं घिरट्या घालतात, हे बघून बघून त्यानं मासळी जमायच्या सहा जागा हेरल्या. बेटावरच्या कोळ्यांनाही ज्या ठाऊक नव्हत्या, अशा. एका नाखव्याला त्या सांगितल्या, आणि म्हातारपणी गावी परतल्यावर पुतण्यांना शिकवल्या.

शिकवल्या त्या खळ्यावर. सुगी संपली, मळणी झाली, की रिकाम्या खळ्यावर काका आपलं बेट मांडायचा. मळणीचे बैल ज्याच्याभोवती फिरतात तो मधला तिवडा म्हणजे दिव्याचा मनोरा. पालथं मडकं म्हणजे मशिदीचा घुमट. जमिनीत रोवलेला विळा म्हणजे किनाऱ्यावरचा वाकडा माड, आणि मोडका नांगर म्हणजे पडका धक्का. मग तो भावकूला दूर नेऊन शेणानं सारवलेल्या जमिनीवर उकिडवं बसवायचा.

"मडकं तिवड्याआड गेलं का?"

"गेलं."

"विळा नांगरावर आला का?"

"अजून न्हाय."

"मग सरक की रं डावीकडं. वल्हं मार, वल्हं. आला? थांब. आता हितनं दोरी सोड. वीस वाव." दोन्ही हात पसरले की एक वाव. भावकू खरंच दोरी सोडायचा. ती त्याच्याच पायापाशी गोळा व्हायची. पण काका अशा नजरेनं त्या ढिगाकडं बघायचा, की भावकूलाही वाटायचं, खाली काहीतरी हलतंय.

भावकू तेव्हा तिशीचा. नाचणीच्या पलीकडं त्याला जगात काही माहीत नव्हतं. पण नांगर धरल्यावर तो मनातल्या मनात त्या खुणा म्हणायचा आणि पोटात कुणीतरी बारीक दोरी ओढल्यासारखं व्हायचं. थोरला आण्णाप्पाही शिकला, पण तो हिशेबी माणूस. शेत शिकावं तसा शिकला. आणि या दोघांची बहीण जयाबाई. तिला निपाणीला दिली होती, तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. सुगीला माहेरी यायची तेव्हा भाकऱ्या घेऊन खळ्यावर उभी राहायची. तिला कुणी शिकवलं नाही, पण तिनं बघायला कुणाची ना नव्हती.

जाताना काकानं तिघांना बोलावलं आणि म्हणाला, "जागा तुमच्या तिघांच्या. भांडू नगासा." त्यानं हे म्हटलं नसतं तर भांडता येतं हे कुणाला सुचलंही नसतं.

बाराव्याचं जेवण झालं आणि आण्णाप्पानं पंच बसवले. पंचांत देवाप्पा पाटील सगळ्यात वडीलधारा. त्यानं पान लावलं आणि विचारलं, "ह्या जागा पडत्यात कुठं? कर्नाटकात का महाराष्ट्रात?"

त्या काळात आमच्या सीमाभागात कुठल्याही गोष्टीची सुरुवात याच प्रश्नानं व्हायची. भावकू म्हणाला, "काका सांगायचा, तिकडं निस्तं पाणीच हाय."

"पानी कुनाचं तरी असतंयच की."

मग तलाठ्याला विचारायचं ठरलं. तलाठी धारवाडकडचा, सरळ माणूस. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "नीरिगे उतारा इल्ला." म्हणजे पाण्याचा उतारा निघत नाही. मग जरा विचार करून मराठीत म्हणाला, "अर्ज द्या. नाही म्हणून लिहून देतो." तो कागद आण्णाप्पानं जपून ठेवला. नाही म्हणून का होईना, सरकारी शिक्का होता.

जागांना काकानं नावं दिली होती ती गावाकडचीच. आण्णाप्पाला म्हसोबा आणि गाढवपाठ या दोन जागा मिळाल्या. भावकूला सुलाबाईची चूल आणि आंधळी. जयाबाईच्या वाट्याला एकच आली, तिचं नाव रिकामी.

"लेकीबाळींना एक दिली तरी लई झालं," देवाप्पा म्हणाला.

"द्या की," जयाबाई म्हणाली, "शेतात वाटा दिला असता तरी मला खडकाळच आलं असतं."

राहिली सहावी, थोरली. नाव थोरली, म्हणजे सगळ्यात मोठी, यात कुणाला शंका नव्हती. ती दोघांनाही हवी होती. देवाप्पानं अर्धी-अर्धी करून बघितली, पण पाण्यात बांध घालायचा कसा, हे त्याला सुचेना. शेवटी विहिरीच्या पाण्यासारखी पाळी ठरली. सोमवार ते बुधवार थोरली आण्णाप्पाची, गुरुवार ते शनिवार भावकूची, आणि रविवारी समुद्राला विसावा. पंचांनी अंगठे घेतले. भावकू घरी आला तेव्हा त्याच्या बायकोनं, अंबुबाईनं विचारलं, "मग? तुमच्या आंधळीतनं आज कालवणाला काय येतंय?" भावकूला खरोखरच श्रीमंत झाल्यासारखं वाटत होतं.

वर्षभर सगळं सुरळीत चाललं. सोमवारी आण्णाप्पा न्याहारी करून ओट्यावर बसायचा आणि थोरलीच्या खुणा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे वहिवाट राहते. गुरुवारी भावकू म्हणायचा. दुसऱ्याच्या पाळीत ऐकणंही बरं नव्हे, म्हणून तेवढा वेळ दुसरा भाऊ शेतावर निघून जायचा. गाव आधी हसलं, मग त्याला सवय झाली. पुढं पुढं तर कुणाची सोयरीक जुळवताना लोक सांगायला लागले, "जमीन बेताची हाय, पण समुद्रात जागा हायत."

बिघडलं ते एका बुधवारी. जांबोटीच्या बाजारात सुक्या मासळीवाल्यानं भावकूला सहज विचारलं, "तुमची ती थोरली म्हणत्यात ती कशी हो?" भावकूला राहवलं नाही. त्यानं गाडीच्या जुवाचा तिवडा केला, मासळीच्या पाटीचं मडकं केलं आणि सगळ्या खुणा समजावून दिल्या. दिवेलागणीच्या आत ही बातमी करंजाळला पोचली.

आण्णाप्पा दारात येऊन उभा राहिला. "माझ्या पाळीत माझ्या जागंवर दोरी सोडलीस?"

"दोरी कुठं सोडली आण्णा? निस्तं सांगितलं."

"त्या जागेचं दुसरं करायचं तरी काय असतंय रं? सांगणं म्हंजेच सोडणं!"

मनातून भावकूला ते पटलं होतं. पण कबूल करायच्या ऐवजी तो म्हणाला, "तू तर रविवारीबी म्हंतोस. न्हाणीत. पुटपुटल्यालं मी ऐकलंय." झालं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद झालं. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. एकाच बांधावर दोघं उभे असले तरी निरोप बायकांकडून जायचा. असं आठ वर्षं चाललं.

त्र्याऐंशीच्या मार्गशीर्षात, एका गुरुवारी, बेळगावच्या बसमधून एक परका माणूस करंजाळच्या फाट्यावर उतरला. चौकड्याची लुंगी, डोक्याला टॉवेल, उन्हानं काळाकभिन्न झालेला. हातातल्या चिठ्ठीवर नागोजीचं नाव आणि गाव लिहिलं होतं. ते त्यानं दिव्याच्या मनोऱ्यावरच्या जुन्या वहीतून उतरवून आणलं होतं. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "नागोजी किदर है?"

नागोजी नाही म्हटल्यावर तो फाट्यावरच दगडावर बसला. चार दिवसांचा प्रवास करून आला होता. हळूहळू सगळं कळलं. काकानं ज्या नाखव्याला जागा सांगितल्या होत्या, त्याचा हा मुलगा. बाप गेला. मागच्या वादळात वाकडा माड पडला आणि धक्काही वाहून गेला. त्यांच्या जागी बांबू रोवता आले असते, पण कुठली खूण कशाच्या ओळीत धरायची हे बाप सांगून गेला नव्हता, त्यामुळं जागा सापडेनात. सगळा समुद्र समोर होता आणि मासा कुठं आहे, हे सांगायला कुणी उरलं नव्हतं.

"खुणा आमच्यापाशी हायत," भावकू म्हणाला. आठ वर्षं तो जे ओट्यावर बसून बडबडत होता, ते कुणालातरी हवं होतं.

पण द्यायचं म्हणजे सोपं नव्हतं. जागा ज्याच्या त्याच्या होत्या. पुन्हा पंच बसले. जयाबाईला निपाणीला तार गेली. पाहुणा दोन दिवस भावकूकडं जेवला आणि दोन दिवस आण्णाप्पाकडं, म्हणजे कुणाचा हक्क जास्त दिसायला नको. नाचणीची भाकरी त्याला उतरत नव्हती, पण बिचारा पाण्याच्या घोटाबरोबर गिळत राहिला. त्यानं आणलेला वाळवलेला समुद्री मासा अंबुबाईनं शिजवला. लाकडासारखा कडक होता, चार तास उकळला तरी चुलीशी भांडत होता.

सोमवारी जयाबाई आल्यावर देवाप्पानं खळं झाडून घेतलं. भावकूनं तिवडा रोवला, मडकं पालथं घातलं, विळा रोवला, नांगर ठेवला. आठ वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं, तरी हात चुकला नाही. पाहुणा खळ्याच्या कडेला आला आणि उभ्याउभ्याच थांबला. मग त्यानं चपला काढल्या. मडक्याकडं बोट करून म्हणाला, "मस्जिद." तिवड्याकडं बघून म्हणाला, "बत्ती." विळ्यापाशी जाऊन तो खाली बसला आणि त्यानं विळ्याच्या मुठीला हात लावला. त्या माडाखाली त्याच्या बापाची होडी असायची. नांगर मात्र त्यानं वीतभर उजवीकडं सरकवला. "इदर था," म्हणाला. सगळं गाव मान डोलवू लागलं, जणू तो धक्का प्रत्येकानं बघितला होता.

आण्णाप्पानं म्हसोबा आणि गाढवपाठ सांगितली. भावकूनं चूल आणि आंधळी. पाहुणा प्रत्येक जागेवर उकिडवा बसायचा, डोळे बारीक करायचा आणि वहीत काहीतरी लिहायचा. मग थोरली आली.

"आज सोमवार," आण्णाप्पा देवाप्पाकडं बघत म्हणाला. "माझी पाळी."

"पाहुणं गुरुवारी आलंय," भावकूही देवाप्पालाच म्हणाला. "मागणी माझ्या पाळीत झालीया."

देवाप्पानं दोघांकडं बघितलं, पाहुण्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दोघं एकदम सांगा. एकानं सांगायला नको अन् एकानं ऐकायला नको."

दोघं एकदम बोलू लागले. पहिलं वाक्य जुळलं. दुसऱ्याला मात्र आण्णाप्पानं मडकं तिवड्याच्या उजव्या खांद्याला लावलं आणि भावकूनं डाव्या. दोघंही थांबले.

"उजव्या," आण्णाप्पा म्हणाला.

"डाव्या," भावकू म्हणाला.

भावकूनं पुन्हा मडक्याकडं बघितलं. आठ वर्षं तो जी जागा राखत होता ती थोरलीच नव्हती, की भाऊ राखत होता ती नव्हती? भांडण एका जागेवरून होतं आणि जागा तर दोन निघाल्या. जयाबाईला विचारलं तर ती म्हणाली, "मला थोरली कुणी शिकवली होती? मला माझी तेवढी ठावं हाय." पाहुण्यानं शांतपणे दोन्ही लिहून घेतल्या.

मग जयाबाई पदर खोचून खळ्यावर उतरली. चालत चालत पार कडेला, कडब्याच्या गंजीपाशी जाऊन उभी राहिली. "हितनं मडकं दिसतच न्हाय," ती म्हणाली. "विळाबी दिसत न्हाय. निस्ता तिवडा, आणि सकाळचं ऊन पाठीवर. दोरी चाळीस वाव. काका हितं एकटाच येऊन बसायचा, तवा मी भाकरी आणून द्यायची."

"रिकामीत काय घावतंय?" कुणीतरी हसलं. पाहुण्यानं तेही लिहून घेतलं आणि मंगळवारच्या पहिल्या बसनं तो निघून गेला.

पत्र आलं ते शिमग्यानंतर. दोघा भावांच्या आणि बहिणीच्या नावानं एकच पत्र, आणि सगळं मल्याळीत. त्या वेटोळ्यांकडं बघून तलाठ्यानंही हात टेकले. पोस्टमननं सांगितलं, सांबऱ्याला विमानतळापाशी हवाई दलाची छावणी आहे, तिथं केरळची माणसं असतात. पत्र कुणी न्यायचं? आण्णाप्पाचा भावकूवर विश्वास नव्हता, भावकूचा आण्णाप्पावर. शेवटी दोघंही निघाले. बसमध्ये एक पुढच्या बाकावर, एक मागच्या. पाकीट कंडक्टरच्या हातात.

"कंडक्टर, त्यास्नी विचारा, बेळगावात उतरून चहा घ्यायचा का?" आण्णाप्पा म्हणाला.

कंडक्टर मागं वळला. "चहा घेणार का?"

"त्यास्नी सांगा, घेतील तर घेऊ," भावकू म्हणाला. दोघांनी चहा घेतला, एक दुकानाच्या आत, एक बाहेर.

सांबऱ्याला फाटकापाशी एक कोवळासा शिपाई भेटला. कडक इस्त्रीचा, घरची आठवण येऊन चेहरा उतरलेला. मल्याळीतलं पत्र बघून तो खुलला. उभ्या उभ्या एकदा सगळं वाचलं, हसला, मग ओळ-ओळ हिंदीत सांगू लागला. चूल चांगली. आंधळीत गोबरा मासा मिळतो. म्हसोबा बरा. गाढवपाठीवर भरती बघून जावं लागतं. थोरली म्हणून जी उजव्या खांद्याची सांगितली, तिथं खाली नुसता खडक. तीन गळ तुटले. डाव्या खांद्याची सांगितली, तिथं पाच तुटले. मासा एक नाही.

आण्णाप्पानं फाटकाचा गज धरला. भावकू खाली बसला.

"और रिकामी," शिपाई म्हणाला, आणि त्याचा आवाज वाढला, "रिकामीत पहिल्याच दिवशी होडी भरली. तांबोशी. इतकी, की पाणी आत यायला लागलं. जयाबाईला सलाम सांगितलाय." मग नावांचे अर्थ विचारून घेऊन त्यानंच समजावलं. शिपायाचा स्वतःचा बापही केरळात कोळी. चांगली जागा सापडली की तो तिला मेलेली विहीर म्हणायचा, म्हणजे दुसरं कुणी मागं येत नाही. आणि जिथं गळ तुटतात तिला मोठं नाव द्यायचं, म्हणजे शेजारी तिकडं जातात. "सब फिशरमन ऐसाच करता है," तो म्हणाला. त्याला वाटलं ही दोन माणसं हसतील. ती हसली नाहीत.

परतीच्या बसमध्ये जागाच नव्हती. दोघांना एकाच बाकावर बसावं लागलं. भावकू खिडकीतून बाहेर बघत होता. त्याला काकाचा राग यायला हवा होता, पण येईना. त्याला आठवत होतं ते एवढंच, की इतर जागांवर दोरीच्या ढिगाकडं टक लावणारा काका थोरलीवर बसवल्यावर कधी दोरीकडं बघायचा नाही. तेव्हा कळायला हवं होतं. शेजारी आण्णाप्पाच्या घशातून काहीतरी आवाज आला. हसणं होतं की रडणं, हे भावकूनं वळून बघितलं नाही.

पंधरा दिवसांनी निपाणीहून जयाबाईचा निरोप आला, दोघंही या. मंगळूरहून कोल्हापूरला नारळ नेणारा लॉरीवाला हमरस्त्यावर थांबून, पाहुण्यानं धाडलेली तिच्या नावाची करंडी उतरवून गेला होता. करंडीत खारवलेली तांबोशी, वरून माडाच्या झावळ्या, आणि वास असा की वखारीतल्या तंबाखूनं हार मानली. शेजारणी नाकाला पदर लावून आल्या आणि पदरात बांधून घेऊन गेल्या.

जयाबाईनं दोन ताटं शेजारी-शेजारी मांडली. भावकू बसला. आण्णाप्पा जरा वेळ उभा राहिला आणि मग बसला. कालवण तिखटजाळ होतं, माशाचं मांस लालसर, जाडजूड. आण्णाप्पा अधाशासारखा खात होता, आणि मध्येच त्याचा हात थांबला. डोळे मोठे झाले, मान ताठली, चेहरा लाल. आयुष्यभर वाळका बांगडा खाल्लेल्या माणसाच्या घशात समुद्राचा जाड काटा अडकला होता. पाणी प्याला, खोकला, पाठ वाकवली. काटा जागचा हलेना.

जयाबाई उठून धावली. पण तिच्या आधी भावकूनं आपल्या ताटातला कोरडा भात मुठीत दाबून गोळा केला आणि भावाच्या तोंडापुढं धरला.

"हा गिळ, आण्णा. चावू नगंस. आख्खा गिळ."

आण्णाप्पानं गिळला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आजून येक," भावकू म्हणाला.

दुसरा गोळा गेला. आण्णाप्पानं हळूच मान हलवून बघितली, घशावरून हात फिरवला.

"उतरला का रं?"

"उतरला वाटतंय," आण्णाप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लई मोठा हुता." मग त्यानं बहिणीकडं ताट सरकवलं. "जया, अजून येक तुकडा घाल."

"घालते," जयाबाई म्हणाली, "पण आता बघून खावा."